ताडोबात वाघ नक्की दिसावा म्हणून कोणतं गेट, कोणता महिना?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून आई-वडील आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन ताडोबाला जायचंय, हातात दोन दिवस आहेत, तर वाघ नक्की दिसेल असं गेट कोणतं आणि महिना कोणता.

मी नागपूरचा. सोळा वर्षं झाली, वर्षातून दोन-तीनदा तरी ताडोबात जाणं होतंच. गेटचं आणि महिन्याचं सांगतो, पण आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. नुसता कोअर भागच, म्हणजे आतलं मुख्य जंगलच, सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं आहे आणि सफारीची जिप्सी ज्या वाटांवरून फिरते तो त्यातला थोडासाच तुकडा. त्यात नुसतं गरागरा फिरून वाघ सापडत नाही. गाडी बंद करून ऐकत बसलं, तर मात्र पुष्कळदा सापडतो.

मार्चअखेरची एक सकाळ सांगतो. मोहर्ली गेटवरून आत गेलो होतो. गाइड ताई जवळच्याच गावच्या. पाऊण तास चितळांशिवाय काही नाही, मागच्या सीटवर चुळबुळ सुरू झालेली. एका पाणवठ्याच्या अलीकडे ताईंनी एकदम हात वर केला. "थांबवा भाऊ. वानर बोलून राह्यलं." इंजिन बंद झालं. मला काहीच ऐकू येईना. सागाचं वाळकं पान फांद्यांना आपटत खाली येतं, त्याचा पापड मोडल्यासारखा आवाज तेवढा येत होता. मग लांबून वानराचं खॉक-खॉक आलं. पाठोपाठ चितळ ओरडलं. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, तर ताई म्हणाल्या, "बसा. चितळाचं काही खरं नाही, ते रानकुत्र्यालाही ओरडते." दहाएक मिनिटं गेली आणि बांबूच्या बेटापलीकडून सांबराचा आवाज आला, ढाँक्! एकच, पण छातीत बसेल असा. "आता आहे," ताई हळूच म्हणाल्या. सांबर सहसा उगाच ओरडत नाही, वाघ-बिबट्यासारख्या शिकाऱ्याचा वास लागला किंवा तो नजरेस पडला तरच ओरडतं. ते आम्हाला दिसत होतं: शेपटी ताठ, पुढचा एक पाय उचलून धरलेला, नजर बांबूत रुतलेली.

वाघीण तिथूनच आली. पाण्याशी येऊन थांबली, आमच्याकडे एकदा पाहिलं, मग वळली आणि पाठमोरी, मागच्या पायांनी चाचपत पाण्यात उतरली. वाघ बहुतेक असाच पाण्यात बसतो, तोंड जंगलाकडे ठेवून. पाणी कमरेला लागलं तसे तिचे डोळे अर्धे मिटले. वीस मिनिटं आम्ही सहा माणसं एक शब्द बोललो नाही.

याच्या उलटही मी अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी एका फेरीत आम्हीच चालकाच्या मागे लागलो, "तिकडे साइटिंग आहे, पळवा." पोचलो तर दहा-बारा गाड्या आधीच खेटून उभ्या. वाघिणीला रस्ता ओलांडायचा होता. ती तीनदा पुढे आली आणि तीनदा मागे गेली. फोटो छान आले, पण ते मी कुणाला दाखवत नाही, कारण त्या गर्दीत आमचीही गाडी होती. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पिल्लं अशीच गाड्यांच्या गराड्यात सापडली होती आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. म्हणून विनंती करतो, चालकाला घाई करू नका. "दादा, चांगल्या पाणवठ्याजवळ अर्धा तास थांबू," एवढं आधीच सांगून ठेवा. बिचारे चालक-गाइड पर्यटकांच्या धाकानेच पळवतात.

आता महिना. सगळ्यात जास्त वाघ एप्रिल-मेमध्ये दिसतात, कारण पाणी थोड्याच ठिकाणी उरतं. पण चंद्रपूरचा मे म्हणजे ४५-४६ अंश आणि जिप्सी उघडी. लहान मूल आणि वयस्कर माणसं सोबत असताना मी तुम्हाला तो सुचवणार नाही. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च घ्या. तोवर पानगळ होऊन जंगल पारदर्शक होतं, पळस पेटलेला असतो, मोह गळायला लागतो आणि सकाळी अजून गारवा असतो. डिसेंबरही सुंदर, पण पहाटेच्या थंडीत कानटोप्या आणि ब्लँकेट लागतातच. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो.

गेटच्या बाबतीत फार डोकं लावू नका. नागपूरला उतरणार असाल तर चिमूरकडून कोलारा जवळ पडतं, चंद्रपूरला उतरलात तर मोहर्ली. चार फेऱ्या मिळत असतील तर दोन कोअरच्या आणि दोन बफरच्या, म्हणजे कोअरभोवतालच्या पट्ट्यातल्या, घ्या. बफरमध्ये पैसे कमी लागतात आणि वाघाला आपली रेघ कुठे माहीत असते? आगरझरी, जुनोना भागात मी उत्तम वाघ पाहिलेत. बफरमध्ये गावं आहेत, हेही मुलीला दाखवा. मोहफुलं वेचायला पहाटे वाकून बसणाऱ्या बाया याच जंगलात जातात, पायी. वाघासोबत राहण्याची खरी किंमत ती माणसं मोजतात.

मुलीला सकाळच्या पहिल्या फेरीत रस्त्यावरच्या धुळीकडे बघायला शिकवा. पंजाचा ठसा टायरच्या नक्षीवर उमटलेला असेल तर वाघ काल संध्याकाळच्या गाड्या गेल्यानंतर चालून गेलाय. ठशावरून टायर गेलेला असेल तर ठसा त्या गाडीच्या आधीचा. आठ वर्षांच्या पोराला हे पटकन कळतं आणि मग वाघ दिसेपर्यंतचा वेळ कंटाळ्याचा राहत नाही. ताडोबा तलावात मगरी आहेत, काठावर तारू देवाचं ठाणं आहे. गोंड समाजाचा हा देव, वाघाशी झुंजताना मेला असं सांगतात, आणि ताडोबा हे नावही त्याच्यावरूनच आलं म्हणतात. पौषात त्याची जत्रा भरते. अस्वल किंवा रानकुत्र्यांचा कळप दिसला तर वाघाइतकंच नशीब समजा.

आई-वडिलांना मागच्या सीटवर बसवू नका, तिथे दणके जास्त बसतात. ठरावीक जागा सोडल्या तर जंगलात खाली उतरता येत नाही, म्हणून पाणी बेताने प्यायला सांगा. कपडे मातकट रंगाचे, अत्तर नको, धुळीसाठी सुती रुमाल हवाच. मोबाइल आत वापरू देत नाहीत, तेव्हा दोन दुर्बिणी घ्या, एक फक्त मुलीची. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, ज्या ओळखपत्राचा क्रमांक टाकाल त्याची मूळ प्रत गेटवर न्या, आणि दोन दिवसांत मंगळवार येत नाही ना ते आधी बघा. मंगळवारी कोअर बंद असतो.