सोलापूरकडे शेतात छोटी पवनचक्की बसवली तर परवडेल का?

नाही, नुसत्या चक्कीच्या भरवशावर राहू नका. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी नाही, आठवा हिस्साच उरते. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर वारा अडवायला काही नाही, म्हणून तिथे चक्क्यांची रांग आहे. आपल्याकडे आषाढात अंगावरचा टॉवेल उडवणारा वारा सुटतो. पण दिवाळीनंतर, ऐन कांद्याला पाणी द्यायच्या दिवसांत, बांधावरच्या बोरीचं पानही हलत नाही. उन्हाला मात्र तोटा नाही, आधी सौर पंपच बघा. तरीही चक्की हवीच असेल, तर ती जितक्या उंचीवर बसणार तिथला वारा वर्षभर मोजा. माहितीपत्रकातला किलोवॅटचा आकडा बहुधा सेकंदाला 11-12 मीटर वाऱ्याचा असतो. तेवढा वारा रोज कुठला?