मुलगा असून मुलींच्या मागे?

शाळांचे वार्षिक क्रीडादिन आटोपले की फोंड्यात मुलांचे समुपदेशन करणाऱ्या माझ्याकडे एक तक्रार हमखास येते: "मुलगा असून तो मुलींच्या मागे कसा?" मुलींच्या आयांचा सूर वेगळा असतो, "तिला कसे झेपणार?" मात्र दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच असते.

सावईवेऱ्याकडचे एक बागायतदार आपल्या चौथीतल्या मुलाला घेऊन आले. सहाशे मीटरच्या शर्यतीत वर्गातील एका मुलीने त्याला मागे टाकल्यापासून पीटीच्या दिवशी त्याचे पोट दुखू लागे आणि डॉक्टरांना त्यात काही आढळले नव्हते. पोटापेक्षा त्या शर्यतीविषयीच बोलावे, असे मला पहिल्या भेटीतच वाटले होते. पण तो मोकळा व्हायला काही भेटी जाव्या लागल्या.

"दम कधी लागला?"

"पहिल्याच फेरीत. मी खूप जोरात सुटलो, टीचर."

"का?"

"ती बाजूला होती. मागे पडलो तर बाबा बोलतील."

"तिच्या जागी मुलगा असता तर?"

तो चटकन म्हणाला, "मग हरलो असतो तरी चाललं असतं."

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिद्द यावी म्हणून मी बोलायचो." त्यांचा हेतू खराच होता, पण मुलाला हार खुपत नव्हती, त्या हारेला घरात दिला गेलेला अर्थ खुपत होता. माणसाला घटनेपेक्षा तिचा लावलेला अर्थ अधिक छळतो, यावर माझी सारी भिस्त आहे आणि तो धागा सापडला की पुढचे काम सोपे होते, हा माझा अनुभव आहे. त्या पोटदुखीसाठी पुन्हा औषध लागले नाही.

पालकांनी हे जाणून घ्यावे की वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्या ताकदीत व दमात सरासरी फरक थोडाच असतो. धावण्यात मुलगे किंचित आणि चेंडू फेकण्यात बरेच पुढे दिसतात, तर लवचीकपणा व तोल यांत बहुधा मुली सरस ठरतात. पण दोन मुलग्यांमधला फरक याहून कितीतरी मोठा असू शकतो. मुली साधारण एक-दोन वर्षे आधी वयात येऊ लागतात, त्यामुळे चौथी-पाचवीत काही मुली वर्गातल्या मुलग्यांपेक्षा उंच दिसतात, यात नवल नाही. खरा फरक पडतो तो सरावाने: मुलग्याला मैदानावर पाठवायचे आणि मुलीला अंगणातूनही हाक मारून आत घ्यायचे, असे वर्षानुवर्षे चालले तर तिचा दम वाढणार कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल सुचवली आहे आणि ती मुलगा-मुलगी दोघांनाही सारखीच आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात मैदान मिळत नाही. तेव्हा पडवीत दोरीउड्या आणि लंगडी चालतील, आणि शिकवणी त्यांच्या आड येऊ देऊ नये. वेळ मोजायचीच असेल तर मुलाची आजची वेळ त्याच्याच गेल्या महिन्याच्या वेळेशी ताडावी. मात्र थोडे धावताच छातीत घरघर होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.