जुन्या उकिरड्यात सापडलेल्या नाल, कड्या, पितळी चकत्या घोड्याच्याच आहेत हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की, कधीच वापरातून गेलेल्या एका उकिरड्यात तुम्हाला चार वस्तू मिळाल्या. एक नाल, स्वल्पविरामासारखा एक चपटा लोखंडी तुकडा, दोन कड्यांमधली मधोमध सांधा असलेली दांडी आणि एक नक्षीदार पितळी चकती. हे सगळं घोड्याचंच का आणि किती जुनं, हा तुमचा प्रश्न.

आधी एक विनंती. अजून घासलं नसेल तर घासू नका. मी कितीतरी वर्षं अशा जागा धुंडाळतोय आणि सुरुवातीलाच एक रिकीब तारेच्या ब्रशने लख्ख केली होती. वरच्या डोळ्यात चामड्याचा पट्टा जिथे घासतो तिथली झीज त्यात गेली. ती किती वापरली गेली हे सांगणारी तेवढी एकच खूण होती. त्याची हळहळ आजही वाटते. कोरड्या, मऊ ब्रशने फक्त माती झाडा.

आता नाल. पुढच्या पायाची गोलसर असते, मागच्याची पुढे थोडी निमुळती. खेचराची अरुंद आणि दोन्ही बाजू जवळजवळ समांतर. रुंदी मोजा: स्वारीच्या घोड्याची साधारण १२ ते १४ सेंमी, आणि १८ च्या पुढे गेली तर जड गाडा ओढणारं जनावर. मग भोकं मोजा. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला तीन ही फार रूढ मांडणी. चारची बाजू बहुधा पायाच्या बाहेरची. खिळ्यांची डोकी बसायला चर असेल तर तो जमिनीकडचा भाग. मागची दोन टोकं खाली वळवलेली असली तर घसरड्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून नालबंदाने ती तशी केलेली असतात. आणि पुढचा भाग कागदासारखा पातळ झाला असेल, तर त्या नालेने भरपूर रस्ता तुडवलाय.

गंजाचा थर किती जाड, यावरून वय काढू नका. ओल्या राखेत पडलेलं लोखंड थोड्या वर्षांत सडतं आणि घट्ट चिकणमातीतलं कितीतरी टिकतं. त्यापेक्षा गंजाचा पोत बघा. जुनं घडीव लोखंड गंजताना लाकडासारख्या उभ्या रेषा दाखवतं, कारण त्यात मळीचे (लोखंड गाळताना राहिलेल्या कचऱ्याचे) धागे असतात. पोलादावर बहुधा खड्डे पडतात. भरपूर पोलाद स्वस्तात करायची हेन्री बेसेमर यांची पद्धत १८५६ सालची. घडीव लोखंड त्यानंतरही बराच काळ वापरात होतं, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरत नाही. तसंच यंत्रावर केलेली नाल दिसली की ती अलीकडची, असंही धरू नका. अमेरिकेत ट्रॉय इथल्या हेन्री बर्डन यांनी नाल करायच्या यंत्राचं पेटंट १८३५ सालीच घेतलं होतं.

तो स्वल्पविरामासारखा तुकडा घोड्याचा नाही. ती बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन सुटे तुकडे लागतात. पुष्कळ जण याला ‘तुटलेली नाल’ समजून फेकून देतात. फेकू नका, त्या रस्त्यावर घोड्यांबरोबर बैलही राबत होते, हे तीच सांगते.

सांध्याची दांडी बहुधा लगामाची, घोड्याच्या तोंडात राहणारी. पण साखळीचा तुकडाही असाच दिसतो, म्हणून दोन गोष्टी तपासा. कड्यांच्या आतलं माप १२ ते १४ सेंमीच्या आसपास हवं, आणि दांडी कड्यांपाशी जाड होऊन सांध्याकडे बारीक होत जायला हवी. जिथे जिभेला, ओठांना लागेल तिथे कुठेही धारदार कड नसते. साखळीच्या दुव्याची एवढी निगा कोण घेतो!

पितळी चकती आधी उलटी करा. इंग्लंडमध्ये गाडीच्या घोड्यांच्या साजावर अशा चकत्या लावत. ओतीव असेल तर पाठ भरीव आणि वजन जास्त. पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा ठसा आणि पत्रा पातळ असेल तर ती दाबून काढलेली, म्हणजे साधारण १८८० नंतरची. खऱ्या वापरातल्या चकतीची पाठ चामड्यावर घासून गुळगुळीत होते आणि वरच्या अडकवायच्या फटीची कड झिजते. नक्षीच्या टोकदार कडाही बोथट होतात. नुसत्या शोभेसाठी केलेल्या नकला भरपूर आहेत. त्यांच्या पाठीवर ही झीज नसते.

वय मात्र खरं ठरतं शेजाऱ्यांवरून. त्याच थरात काचेच्या बाटल्या होत्या का? गोटीवाली सोड्याची असेल तर ती बाटली काढणाऱ्या कॉड यांचं पेटंट १८७२ चं. पत्र्याचं दातेरी बूच १८९२ च्या आधी असूच शकत नाही. साच्याची रेघ थेट ओठावरून गेली असेल तर बाटली यंत्राची, आणि ओवेन्स यांचं स्वयंचलित यंत्र १९०३ चं. अर्थात यावरून वस्तू कधी टाकली ते कळतं, कधी घडवली ते नाही. चांगली नाल वा खोगिराची कडी लोक वर्षानुवर्षं सांभाळत.

पुन्हा जाण्याआधी जागेच्या मालकाची परवानगी घ्या, जाड हातमोजे घाला आणि धनुर्वाताची लस चालू आहे ना ते बघा. त्या जंतूंची बीजं मातीत राहतात आणि घोड्याच्या लिदीतूनही मातीत मिसळतात. जिथे तबेल्याचा केर वर्षानुवर्षं पडला, तिथे हाताला काच लागणं साधी गोष्ट नव्हे.

जमलं तर चकतीच्या पाठीचा आणि नालेच्या चराच्या बाजूचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून टाका. शेजारी मिळालेल्या बाटल्यांचे गळेही दाखवा.