सिंधू माहेरी का जात नाही?

प्रश्न : ताई, लेकीला घेऊन ‘एकच प्याला’चा प्रयोग पाहिला. घरी येईपर्यंत रिक्षात तिचा एकच धोशा, “भाऊ एवढा पैसेवाला, न्यायला दारात आलेला, मग सिंधू त्या दारुड्याला सोडून जात का नाही?” मी म्हटलं, त्या काळी तसंच होतं. तिला पटलं नाही. खरं तर मलाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कायद्यापुरतं तुमचं उत्तर बरोबर आहे. नाटक 1919च्या फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं, नाटककार राम गणेश गडकरी महिनाभर आधीच वारले होते. सिंधूसारख्या पांढरपेशा घरातल्या बाईला तेव्हा घटस्फोट नव्हता. (काडीमोडीची रीत असलेल्या जातींची गोष्ट वेगळी. आणि गंमत म्हणजे हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 साली आला तो बडोदा संस्थानातच.) त्याआधी 1887 मध्ये रखमाबाईंना मुंबईच्या कोर्टानं बजावलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

पण सिंधूला कोर्टात खेचणार कोण? तिचा नवरा सुधाकर शुद्धीवर तरी असतो का? भावाचं, पद्माकरचं घर तिला उघडं आहे. म्हणून तुमच्या लेकीचा प्रश्न उरतोच.

मला विचाराल तर सिंधूला गरीब गाय समजणं चूक आहे. माहेरच्या पैशाला शिवणार नाही, अशी तिची शपथ आहे आणि ती पाळायला ती लोकांची दळणं दळते. हा हट्ट आहे, आणि भलता करारी. सुधाकर वकील, सनद गेली, मान गेला, तिथून प्याला हाती आला. त्याचा गेलेला मान निदान आपण तरी जपायचा, हे तिनं एकटीनं ठरवलंय. माहेरची बैलगाडी दारात उभी राहिली की नवरा संपला, हे गावाला कळणार. ते तिला नको आहे. मरताना जबानी देतानाही ती त्याच्यावर आळ येऊ देत नाही. इथे मात्र माझा गडकऱ्यांवर राग आहे. पोटचं पोर त्याच्या हातून गेल्यावरही तिच्या तोंडी एक कडू शब्द नाही! सुधाकरला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाच्या बायकोला, गीताला, त्यांनी चांगली धारदार जीभ दिली आहे. म्हणजे उलट बोलणारी बाई त्यांना लिहिता येत होती.

शिवाय तिचं उत्तर गद्यात नाही, पदात आहे. ‘कशि या त्यजू पदाला’, म्हणजे नवऱ्याचे हे पाय कसे सोडू. एरवी शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळाचं लुगडं नेसून हे गायचे, मग ‘का जात नाही’ विचारायचं भान कुणाला? माझी आत्या नवरा मारायचा म्हणून तिशीच्या आत माहेरी परतली, ती कायमची. तिला हे पद तोंडपाठ. तांदूळ निवडताना सुपातले खडे बाजूला काढत ती ते अगदी तानांसकट म्हणायची. “तू तर आलीस की,” असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, “गाणं चांगलं आहे म्हणून म्हणते गं. नांदायला गंधर्व जाणार होते का?”

लेकीला एवढं सांगा, आणि पुढच्या वेळी गीताच्या प्रवेशांकडे नीट बघायला सांगा. प्रयोगात ते छाटले नसले तर.