वाचकांचे प्रश्न : लाल मोटारसायकल आणि निओ-टोकियो

कात्सुहिरो ओतोमो यांचा १९८८ चा ‘अकिरा’ हा जपानी ॲनिमेशनपट गेल्या महिन्यात रत्नागिरीत आमच्या छोट्या चित्रपट मंडळाने दाखवला. त्यानंतर आलेली पत्रे पाहता या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे, असे ठरले. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. १९८८ मध्ये एका प्रचंड स्फोटात टोकियो नष्ट होते. त्यानंतर ३१ वर्षांनी, म्हणजे २०१९ मध्ये, उपसागरात भराव घालून वसवलेल्या निओ-टोकियोत मोटारसायकलींवरून उंडारणाऱ्या टोळीतील तेत्सुओ नावाचा मुलगा एका अपघातानंतर लष्कराच्या ताब्यात जातो, तेथील प्रयोगांत त्याच्यातील अचाट मानसिक शक्ती जागी होते आणि त्याचा बालमित्र व टोळीचा म्होरक्या कानेदा त्याला आधी सोडवायला आणि मग थांबवायला निघतो. खेळाच्या ऐन मध्यावर पावसाने वीज गेली आणि पाऊण तास सगळे अंधारात बसले. काही पत्रांतील राग चित्रपटावरचा किती आणि त्या पाऊण तासावरचा किती, अशी मला शंका आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, पण मारामारी, स्फोट आणि किंचाळ्या यांपलीकडे मला काहीच दिसले नाही. तरुण मुले ज्याला उत्कृष्ट म्हणतात ते नेमके काय आहे? (रत्नागिरी)

उत्तर : आपण शेवटपर्यंत बसलात, त्यामुळे आपल्याशी मोकळेपणाने बोलता येते. माझ्या मते या चित्रपटातील सगळी मारामारी एका मोटारसायकलवरून सुरू होते. आरंभीच्या एका प्रसंगात तेत्सुओ कानेदाच्या लाल मोटारसायकलवर बसून तिचे हँडल, तिची यंत्रे न्याहाळत असतो. कानेदा येतो आणि ही गाडी माझ्यासाठी बनवून घेतलेली आहे, तुला ती झेपणार नाही, असे हसत हसत सांगून मोकळा होतो. दोघे अनाथालयात एकत्र वाढलेले आहेत आणि तेथेही अशक्त तेत्सुओचे रक्षण कानेदानेच केले होते. ज्याने आयुष्यभर सांभाळले त्याच्याचविषयी मनात साचत गेलेली चीड तेत्सुओच्या त्या एका नजरेत दिसते. पुढे तो लष्कराच्या इस्पितळातून पळतो तेव्हा पहिले काम कोणते करतो? तीच गाडी पळवतो. ती वाटेत बंद पडते आणि विरोधी टोळीकडून त्याला व त्याच्या मैत्रिणीला बेदम मार बसतो. म्हणजे गाडी खरोखरच त्याला झेपली नाही! यानंतर त्याला मिळणारी प्रत्येक शक्ती ही ‘मला झेपते’ हे दाखवण्याची धडपड आहे आणि प्रत्येक वेळी ती त्याला थोडी अधिक झेपेनाशी होते. पूल कोसळतात, रणगाडे उडतात, उपग्रहावरून सोडलेल्या किरणाने त्याचा हात तुटतो आणि तो मोडक्यातोडक्या धातूचा नवा हात करून घेतो. इतके झाले तरी भांडण त्या दोन मुलांचेच राहते. हा धागा हाती धरून पुन्हा पाहिल्यास आपल्याला गोंगाट कमी वाटेल असे मी म्हणणार नाही, कारण गोंगाट आहेच. मात्र तो कशाचा आहे ते कळेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. चित्रपट माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा असूनही त्यातील हालचाल आजच्या अनेक संगणकीय चित्रपटांपेक्षा जिवंत वाटली. हे कसे साधले असेल? (चिपळूण)

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून उत्तरात थोडी आकडेमोड करतो. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकतात. ‘अकिरा’ १२४ मिनिटांचा आहे, म्हणजे सुमारे १,७८,५६० चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढणे कोणालाच परवडत नाही. म्हणून एक चित्र दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात, किंवा तीन चौकटी ठेवतात, म्हणजे ८ चित्रांवर भागते. ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हापासून कमी पैशांत दर आठवड्याला भाग पुरा करण्यासाठी ही काटकसर तेथे रूढ झाली. ओतोमोंनी मात्र हात आखडता घेतला नाही. या चित्रपटासाठी १ लाख ६० हजारांहून अधिक सेल रंगवले गेले. सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, ज्याच्या पुढच्या बाजूला आकृतीच्या रेषा असतात आणि मागच्या बाजूला रंग भरलेला असतो. हे पत्रे पार्श्वचित्रावर थर लावून ठेवतात आणि कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपतात.

दुसरी गोष्ट रंगांची. रात्रीची दृश्ये रंगवणे कठीण म्हणून ॲनिमेशनवाले ती टाळत असत, कारण अंधारात आकृती उठून दिसण्यासाठी गडद रंगांच्या पुष्कळ छटा लागतात. येथे तर बराचसा चित्रपट रात्रीच घडतो. त्यासाठी ३२७ रंग वापरले गेले आणि त्यांपैकी ५० याच चित्रपटासाठी नव्याने तयार केले गेले. सुरुवातीच्या पाठलागात मोटारसायकलींच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा हवेत क्षणभर रेंगाळतात, ते पुन्हा पाहा. आणि कानेदा गाडी आडवी करून घसरवत थांबवतो तेव्हा गाडीचे वजन आपल्या गुडघ्यांना जाणवते. भोस्त्याच्या घाटात पावसात ब्रेक दाबलेल्या कोणालाही हे वजन ओळखीचे वाटेल. त्या एका घसरणीची नक्कल पुढे कितीतरी ॲनिमेशनपटांनी केली आहे.

तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जपानमध्ये बहुधा आधी चित्रे होतात आणि मग कलाकार त्यांवर आवाज देतात. ‘अकिरा’त संवाद आधी मुद्रित करून ओठांची हालचाल त्यांबरहुकूम रेखाटली गेली, त्यामुळे मूळ जपानी भाषेत पाहताना पात्रे खरोखर बोलत आहेत असे वाटते.

प्रश्न : आमच्या घरात दशावताराची परंपरा आहे. इतर जपानी कार्टूनमध्ये ऐन लढाईत पात्रे गोठल्यासारखी उभी राहतात. मुलगा म्हणतो तो पैसे वाचवण्याचा प्रकार आहे. मला मात्र ते आमच्यासारखे वाटले. खरे काय? (कणकवली)

उत्तर : दोघांचेही खरे आहे, पण मला आपली बाजू जास्त पटते. सेकंदाला ८ चित्रांत लढाई बसवायची तर एखादा आवेश स्थिर ठेवून मागे नुसत्या वेगाच्या रेघा पळवणे सोयीचे असते, ही झाली काटकसर. परंतु जपानी प्रेक्षकाला ते विचित्र वाटले नाही, याचे एक कारण त्यांच्या काबुकी रंगभूमीत असावे. तेथे प्रसंग शिगेला पोचला की नट एका आवेशात थिजतो, डोळे वटारतो आणि बाजूला बसलेला माणूस फळीवर लाकडी ठोकळे आपटून तो क्षण ठसवतो. या थिजण्याला ते ‘मिए’ म्हणतात. आपल्याकडे राक्षस आणि देव तलवारी घेऊन रिंगण घालतात, पखवाज आणि झांज चढत जातात आणि एका ठोक्यावर दोघे प्रेक्षकांकडे तोंड करून उभे ठाकतात, तेव्हा देवळाच्या आवारात पहाटे तीन वाजता पेंगणारे मूलही जागे होते. त्या थांबण्याला कोणी पैशांची बचत म्हणत नाही. ‘अकिरा’त असे थांबे कमी आहेत, कारण ओतोमोंना आवेशापेक्षा आघाताचे वजन दाखवायचे आहे. म्हणून दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला हा चित्रपट थोडा दमछाक करणारा वाटला तर त्यात नवल नाही.

प्रश्न : कार्टून आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलीला सोबत आणले होते. अर्ध्यातून उठावे लागले. आधी सांगायला नको होते का? (दापोली)

उत्तर : सांगायला हवे होते, आणि आम्ही सांगितले नाही ही आमची चूक आहे. हा चित्रपट लहान मुलांसाठी नाही. आपल्याकडे २०२४ पासून ‘यूए’ प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत. ‘अकिरा’ मी सोळाच्या खाली कोणालाही दाखवणार नाही. इस्पितळातील खेळण्यांचा प्रसंग तर मोठ्यांनाही घाबरवतो: चिमुकली अस्वले आणि ससे तेत्सुओच्या पलंगावर चढतात, पाहता पाहता छताएवढे होतात आणि त्यांच्या अंगातून दूध वाहू लागते. त्या अक्राळविक्राळ खेळण्यांमागे लष्कराच्या प्रयोगशाळेतील, तेत्सुओसारखीच मानसिक शक्ती असलेली मुले असतात. मात्र तेत्सुओचा पाय फुटक्या काचेवर पडून रक्त येते तेव्हा ते रक्त पाहून तीच मुले घाबरून पळतात, हे आपण उठल्यामुळे बहुधा पाहायचे राहिले असेल.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातला आहे. आमच्याकडे माडबनच्या प्रकल्पामुळे अणू हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. हा चित्रपट हिरोशिमावरच आहे ना? (राजापूर)

उत्तर : थेट नाही. आरंभी शहरावर पांढरा घुमट फुगत जातो तेव्हा ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ आठवल्याशिवाय राहत नाही. तरी तो स्फोट अणुबाँबचा नसतो. सरकारने मुलांवर केलेल्या गुप्त प्रयोगांतून एका मुलाची आवरेनाशी झालेली शक्ती त्यामागे असल्याचे पुढे उलगडते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बाँब बाहेरून पडतो आणि हा विनाश घरातच वाढवलेला आहे. ओतोमोंचा जन्म १९५४ चा, म्हणजे युद्धानंतरचा. त्यांच्या लहानपणी अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध १९६० मध्ये मोठी निदर्शने झाली, १९६४ च्या ऑलिंपिकसाठी टोकियो नव्याने बांधले गेले आणि त्याच दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी विद्यापीठे रोखून धरली. चित्रपटातील अश्रुधूर, मोर्चे, अर्धवट बांधलेले स्टेडियम आणि कोणालाही नको असलेली मुले यांत तो काळ मला अधिक दिसतो.

प्रश्न : चित्रपटाने २०२० च्या ऑलिंपिकचे भविष्य वर्तवले होते, असा संदेश मोबाइलवर फिरतो. त्यात किती तथ्य? (वेंगुर्ला)

उत्तर : निओ-टोकियोत २०२० मध्ये ऑलिंपिक होणार असते, दिवस मोजणारा फलक दिसतो आणि त्यावर ते रद्द करा अशा अर्थाचे कोणीतरी खरडलेले असते, इतके खरे. प्रत्यक्षात टोकियोचे ऑलिंपिक मार्च २०२० मध्ये पुढे ढकलले गेले आणि २३ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. हा योगायोग आहे. संदेश पुढे पाठवू नये.

प्रश्न : पार्श्वसंगीतात श्वासांचे आणि आरोळ्यांचे आवाज आहेत. शिमग्यात पालखी नाचवताना होतो तसा भास झाला. हे कोणत्या प्रकारचे संगीत? (देवगड)

उत्तर : आपले कान फार चांगले आहेत. हे संगीत ‘गेइनोह यामाशिरोगुमी’ या समूहाचे आहे. त्यात विद्यार्थी, डॉक्टर, नोकरदार असे हौशी लोक होते आणि त्यांचे प्रमुख स्वतः शास्त्रज्ञ होते. कानेदाच्या पाठलागाला बाली बेटावरील बांबूची वाद्ये आहेत, अन्य ठिकाणी जपानी नोह नाट्यातील गायनाची छाया आहे. आणि ती ‘रास्सेरा, रास्सेरा’ ही आरोळी जपानच्या उत्तरेकडील आओमोरी येथील नेबुता उत्सवातली आहे, जेथे ऑगस्टमध्ये कागदाच्या अवाढव्य, आतून उजळलेल्या आकृती रस्त्यांतून मिरवतात. म्हणजे शिमग्याची आठवण होणे अगदीच अस्थानी नव्हते.

प्रश्न : शेवट कळला नाही. आणि ज्याचे नाव चित्रपटाला आहे तो अकिरा आहे कुठे? (गुहागर)

उत्तर : ज्याच्या शक्तीने टोकियो नष्ट झाले तोच मुलगा अकिरा, आणि तो स्टेडियमखालच्या शीतगृहात काचेच्या बरण्यांत आहे. ज्याच्या नावाने लोक नवस बोलतात तो असा तुकड्यातुकड्यांनी सापडतो, हा या चित्रपटातील सर्वांत कडवट विनोद म्हणायला हवा. शेवट धूसर आहे हे मला मान्य आहे, आणि त्याचे एक साधे कारण आहे. ओतोमोंची मूळ चित्रकथा डिसेंबर १९८२ मध्ये एका नियतकालिकात सुरू झाली आणि १९९० मध्ये संपली. चित्रपट आला तेव्हा ती अपुरीच होती. दोन हजारांहून अधिक पानांचा ऐवज दोन तासांत कोंबताना अनेक पात्रे सावलीपुरती उरली. मला स्वतःला स्टेडियमपर्यंतचा चित्रपट आवडतो, आणि तेथून पुढे तेत्सुओचे शरीर फुगत जाते तो भाग मी चित्रकारांच्या हातासाठी पाहतो, कथेसाठी नाही.

प्रश्न : उपशीर्षके वाचता वाचता चित्रे निसटतात. त्यापेक्षा हिंदी आवाज दिलेला काय वाईट? (सावंतवाडी)

उत्तर : वाईट काही नाही, पण एक उदाहरण देतो. स्टेडियममध्ये दोघे समोरासमोर येतात, शहर अर्धे पडलेले आहे, तेत्सुओ आता कोणालाही चिरडू शकतो आणि तो गरजतो, “कानेदा!” त्यावर कानेदा भडकतो तो नुसते नाव घेतल्याबद्दल, ‘सान’ लाव, असे तो त्याला खडसावतो. ‘सान’ म्हणजे नावानंतर लागणारा आदराचा शब्द. इंग्रजी उपशीर्षकांत त्याचे ‘मिस्टर’ झाले आणि आमच्या सभागृहात कोणी हसले नाही. आपल्याकडे धाकट्याने गल्लीतल्या मोठ्या मुलाला नुसत्या नावाने हाक मारली तर “दादा म्हण, दादा!” असे जे ऐकू येते, अगदी तेच हे वाक्य आहे. ज्याने एके काळी तुला वाचवले त्याचे नाव असे घेतोस काय, इतकेच कानेदाला म्हणायचे आहे. आपण हिंदीत जरूर पाहा, मात्र हा एक प्रसंग जपानीत ऐका. तेवढ्यापुरते खालचे वाचले नाही तरी चालेल.