लोगो नंतर, आधी दुकान शोध

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजात डिझाइन थिंकिंगचा, म्हणजे वापरणाऱ्या माणसाची अडचण आधी समजून घेऊन मग उपाय आखायच्या पद्धतीचा क्लब काढतेयस, फार बरं वाटलं. पण तुझ्या यादीत पहिला खर्च लोगो, टी-शर्ट आणि उद्घाटनाच्या वर्कशॉपचा आहे. ती यादी तूर्त बाजूला ठेव आणि आधी एक दुकान शोध.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या विद्यार्थ्यांना मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत, मसाल्याच्या बाजारात घेऊन गेलो होतो. एप्रिलचं ऊन. मिरच्या, धणे, खडा मसाला भाजून झाला, तरी बायका डंक्यापाशी, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रापाशी ताटकळत बसलेल्या. मुलांनी अर्ध्या तासात उपाय काढला: टोकन द्या, मसाला झाला की मोबाइलवर मेसेज. मी म्हटलं, आधी त्यांना विचारा तरी. एक आजी म्हणाल्या, "मी गेले आणि माझा मसाला दुसरीच्या डब्यात गेला तर?" त्या नंबरासाठी बसल्याच नव्हत्या, वर्षभराच्या मसाल्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवत होत्या! मुलांचा सगळा आराखडा तिथेच पुसला गेला. शेवटी त्यांनी सुचवलं ते एक बाकडं, डंका समोर दिसेल असं. जमिनीवर खडूने जागा आखून दाखवली. मालकाने लगेच विचारलं, "मग माझी पोती कुठे ठेवू?" त्यावर मुलं आणखी दोन शनिवार झटली आणि पोती भिंतीलगत रचून जागा काढली. मालकाचा हा प्रश्न नसता, तर ते नुसतं चित्र राहिलं असतं.

हे शास्त्र परकं आहे असंही समजू नकोस. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचं मनापासून कौतुक केलं होतं. तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा पेलतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, इतकंच नव्हे, मोडीत काय किंमत येईल, हेसुद्धा त्यांनी विचारलं. त्याच अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्या पवईच्या आयआयटीतही १९६९ पासून डिझाइन शिकवतात. तिथल्या मुलांना एकदा भेटा.

सुरुवातीला सहा जण पुरेत. सगळे बीएमएसचे, म्हणजे मॅनेजमेंट शिकणारे नकोत. हिशेब जाणणारा एक आणि अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलणारी एक हवीच. दोघं तरी एफवायचे, म्हणजे पहिल्या वर्षाचे घे, नाहीतर तुम्ही पास होऊन गेलात की क्लबला कुलूप लागेल. प्रभारी प्राध्यापकांची सही आणि दुकानदाराची परवानगी आधी घ्या. गर्दीच्या वेळी जाऊन त्याचा धंदा अडवू नका. आणि काम झाल्यावर महिन्याने पुन्हा जा. आपण सुचवलेलं टिकलंय का, ते बघा. टिकलं नसेल तर का, ते लिहून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीआधी दुकान ठरवून कळव. पहिल्या भेटीला मी येईन, मागे उभा राहीन. बोलायचं तुम्ही.

तुझे,
सर