वाचकांचे प्रश्न : एनआयआरएफचा क्रमांक किती मानावा?

प्रश्न : मुलीला एमएचटी-सीईटीत ९४ पर्सेंटाइल आहेत आणि तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचे आहे. पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजने ‘एनआयआरएफमध्ये १५१वा क्रमांक’ असा फलक लावला आहे. आमच्या गावचे कॉलेज त्या यादीत नाही. कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरताना या क्रमांकाला किती महत्त्व द्यावे?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : आधी त्या फलकाविषयी. एनआयआरएफ ही केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची शिक्षणसंस्थांची क्रमवारी. तिच्या अभियांत्रिकीच्या यादीत स्वतंत्र क्रमांक पहिल्या शंभर संस्थांनाच मिळतो. त्यापुढे १०१ ते १५०, १५१ ते २०० आणि २०१ ते ३०० असे गट असतात, आणि गटातील नावे केवळ वर्णानुक्रमाने लावलेली असतात. ‘१५१वा’ असा क्रमांकच त्यामुळे कुणाला मिळालेला नसतो. हे कॉलेज १५१ ते २०० या गटात आहे, एवढेच खरे.

मुळात क्रमांक ठरतो कशावर? अभियांत्रिकीसाठी अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीनंतरच्या फलिताला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लौकिकाला १० टक्के भार असतो. संशोधनाचे गुण मुख्यतः शोधनिबंध, इतर संशोधकांनी त्यांचे घेतलेले संदर्भ आणि पेटंट यांवर मिळतात; पहिल्या वर्षाच्या मुलीला प्रॅक्टिकलला कोण शिकवणार, हे त्यातून कळत नाही. शिवाय हा क्रमांक संस्थेचा असतो, शाखेचा नव्हे. ज्या कॉलेजचे नाव मेकॅनिकलने कमावले, तिथे कॉम्प्युटरचा विभाग तितकाच भक्कम असेल असे गृहीत धरता येत नाही.

तरीही एनआयआरएफ मी निरुपयोगी मानत नाही, कारण क्रमांकापेक्षा त्यामागची माहिती कितीतरी मोलाची असते. कॉलेजने एनआयआरएफला सादर केलेली पीडीएफ कॉलेजच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिच्यातील चार वर्षांच्या पदवीचा तक्ता काढा. पहिल्या वर्षाला किती जण आले, थेट द्वितीय वर्षाला किती, त्यांपैकी ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे तिथे बॅचनिहाय दिलेले असते. फलकावरचे ‘सर्वोच्च पॅकेज’ एकाच विद्यार्थ्याचे असते. मध्यक पगार म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांना ज्याहून कमी मिळाले ती रक्कम. मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांचा आकडा मला त्याहून बोलका वाटतो, कारण वर्ष किती जणांचे गेले ते त्यावरून ताडता येते.

दोन सावधगिरी मात्र हव्यात. ही माहिती कॉलेजनेच भरलेली असते, आणि ती सर्व शाखांची एकत्र असते. म्हणून कॉम्प्युटरपुरती प्लेसमेंटची यादी कॉलेजकडे मागा, त्या अभ्यासक्रमाला तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या एनबीएची मान्यता आहे का ते विचारा (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकची मान्यता संपूर्ण संस्थेला मिळते, एनबीएची अभ्यासक्रमाला) आणि जमल्यास तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलींशी बोला. गावच्या कॉलेजलाही हेच प्रश्न विचारा. यादीत नाव नसणे म्हणजे नापास होणे नव्हे, काही संस्था त्यात भागच घेत नाहीत.

दोन्हीकडची उत्तरे सारखीच आली, तर पुण्यातील हॉस्टेल आणि मेसचा चार वर्षांचा खर्च मांडून मगच पसंतीचा क्रम लावा. कॅपमध्ये गुणवत्तेनुसार मिळू शकणारा सर्वांत वरचा पर्याय दिला जातो, त्यामुळे खरोखर हवे असलेले कॉलेज ‘मिळणार नाही’ या धास्तीने खाली ढकलू नये.